पनामाच्या मजुरांचा डॉक्टर

पनामा कालव्याचे नाव निघाले की दोन महासागरांना जोडणारी सुमारे ८० किलोमीटरची जलवाट, तिचे अजस्र दरवाजे आणि डोंगर फोडणारे अभियंते डोळ्यांसमोर येतात. हे अभियंते आणि त्यांच्या हाताखालचे हजारो मजूर काम पुरे होईपर्यंत जगले कसे, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर एका डॉक्टरच्या आयुष्यात सापडते. डॉ. विल्यम क्रॉफर्ड गॉर्गस हे अमेरिकी लष्करातले डॉक्टर. बांधकामावरचा आजार बहुतेक वेळा बांधकामाच्या जागेतच तयार होतो, त्यामुळे तो रोखण्याची पहिली जबाबदारी काम करवून घेणाऱ्याची असते, हे त्यांनी शंभराहून अधिक वर्षांपूर्वी आकड्यांनिशी दाखवून दिले. मात्र ते पटवून देण्यासाठी त्यांना डासांइतकीच साहेबांशीही झुंज द्यावी लागली.

तापाशी जुनी ओळख

गॉर्गस यांचा जन्म ३ ऑक्टोबर १८५४ रोजी अमेरिकेच्या अलाबामा राज्यातल्या मोबील या बंदराजवळ झाला. मेक्सिकोच्या आखातावरच्या या बंदरांत उन्हाळा आला की पिवळ्या तापाची साथ येई. एकाएकी थंडी वाजून ताप, अंगदुखी, मग कावीळ, नाका-तोंडातून रक्तस्राव, काळी उलटी आणि अनेकदा मृत्यू, असा हा आजार. त्यांच्या आईच्या बाळंतपणाला आलेले डॉ. जोसाया नॉट यांनी हा ताप किड्यांमार्फत पसरत असावा, असा तर्क काही वर्षे आधीच मांडला होता. तेव्हा तो कोणी मनावर घेतला नाही.

वडील लष्करी अधिकारी होते. अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याला दारूगोळा पुरवणारे खाते त्यांच्याकडे होते. युद्ध हरले आणि घराची घडी विस्कटली. मुलाचा ओढा लष्कराकडे होता, पण वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत प्रवेश मिळाला नाही. डॉक्टर होऊनही लष्करात जाता येते, हा मार्ग त्यांनी मग शोधला. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू वैद्यकीय महाविद्यालयातून १८७९ साली ते पदवीधर झाले आणि १८८० साली लष्कराच्या वैद्यकीय दलात दाखल झाले. म्हणजे वैद्यकी हे त्यांच्यासाठी सुरुवातीला साध्य नव्हते, साधन होते.

१८८२ साली टेक्सासमधल्या फोर्ट ब्राऊन या छावणीत त्यांची बदली झाली. तिथे पिवळ्या तापाची साथ सुरू होती. छावणीच्या प्रमुखाची मेहुणी मेरी डाउटी या तरुणीची प्रकृती इतकी खालावली की तिच्यासाठी कबर खणून ठेवली गेली. तिच्यावर उपचार करणाऱ्या गॉर्गस यांनाही ताप आला. दोघेही बचावले आणि १८८५ साली त्यांचे लग्न झाले. पिवळा ताप एकदा येऊन गेला की आयुष्यभर पुन्हा होत नाही. त्यामुळे जिथे पिवळा ताप, तिथे गॉर्गस, असेच जणू लष्कराने ठरवून टाकले. पुढची बरीच वर्षे त्यांनी आखाताच्या काठच्या छावण्यांमध्ये या तापाचे रुग्ण सांभाळण्यात घालवली.

हवानाने शिकवलेला धडा

१८९८ साली अमेरिका-स्पेन युद्ध झाले आणि क्यूबाची राजधानी हवाना अमेरिकी लष्कराच्या ताब्यात आली. शहराच्या आरोग्याची सूत्रे गॉर्गस यांच्याकडे सोपवली गेली. घाण आणि दुर्गंधीतून ताप पसरतो, हीच त्या काळातली सर्वसाधारण समजूत होती आणि गॉर्गसही तेच मानत होते. त्यांनी रस्ते झाडून घेतले, उकिरडे हलवले, गटारे धुतली, मेलेली जनावरे उचलली. जुलाब-हगवण यांसारखे आजार कमी झाले. पिवळा ताप मात्र हटेना. १९०० साली तर तो उलट वाढला.

याच हवानात डॉ. कार्लोस फिनले यांनी १८८१ साली सांगून ठेवले होते की हा ताप एका ठराविक जातीच्या डासामुळे पसरतो. वीस वर्षे लोक त्यांना हसत होते. मधल्या काळात, १८९७ साली, भारतात सिकंदराबाद येथे डॉ. रोनाल्ड रॉस यांना अॅनोफिलीस डासाच्या पोटात हिवतापाचे परजीवी सापडले. डास रोग पसरवू शकतो हे आता नुसते अनुमान राहिले नव्हते. १९०० साली वॉल्टर रीड यांच्या नेतृत्वाखालच्या लष्करी डॉक्टरांच्या मंडळाने स्वयंसेवकांवर प्रयोग करून फिनले यांचे म्हणणे खरे ठरवले. या कामात मंडळातले डॉ. जेसी लाझिअर पिवळ्या तापाने दगावले.

गॉर्गस यांना आधी हे पटत नव्हते. पुरावा समोर आल्यावर त्यांनी आपले मत बदलले आणि कामाची सगळी पद्धतही बदलली. पिवळा ताप पसरवणारा डास म्हणजे आज आपल्याकडे डेंग्यू पसरवणारा एडिस इजिप्ती. तो माणसाच्या घरातच राहतो आणि रांजण, पिंप, फुलदाणी, फुटके मडके अशा ठिकाणच्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. रुग्णाचे रक्त डासाला संसर्ग देऊ शकते ते आजाराच्या पहिल्या तीन-चार दिवसांतच आणि तो डास दुसऱ्याला आजार देऊ शकतो ते त्यानंतर सुमारे बारा दिवसांनी. ही साखळी तीन ठिकाणी तोडता येते. रुग्णाला जाळीत ठेवायचे, घरातले डास धुरी देऊन मारायचे आणि पाणी झाकायचे किंवा ओतून टाकायचे.

फेब्रुवारी १९०१ पासून गॉर्गस यांच्या तुकड्या हवानात घरोघर फिरू लागल्या. पाण्याची प्रत्येक साठवण तपासली गेली. जिथे अळ्या सापडत तिथे घरमालकाला दंड होई. त्या वर्षीच्या सप्टेंबरनंतर शहरातला पिवळा ताप थांबला. सुमारे दीडशे वर्षे ठाण मांडून बसलेला आजार आठ महिन्यांत गेला होता.

फ्रेंचांची स्मशानभूमी

गॉर्गस यांचे पुढचे काम पनामात होते. ते किती अवघड होते हे समजण्यासाठी तिथे आधी काय घडले होते ते पाहावे लागते. सुएझ कालवा करणारे फर्दिनांद द लेसेप्स यांच्या फ्रेंच कंपनीने १८८१ साली पनामात खोदकाम सुरू केले होते. १८८९ साली कंपनी बुडाली. गॉर्गस यांच्या अंदाजानुसार त्या काळात सुमारे २२ हजार माणसे मेली. हा अंदाजच राहिला, कारण नेमकी नोंद कोणी ठेवलीच नव्हती. कंपनीच्या रुग्णालयात कंत्राटदाराने पाठवलेल्या मजुराच्या उपचारासाठी दिवसाला एक डॉलर त्या कंत्राटदाराकडून घेतला जाई. तो वाचवण्यासाठी अनेक कंत्राटदार मजुराचे अंग तापलेले दिसताच त्याला कामावरून काढून टाकत. कामावर नाही म्हणजे मजूर नाही आणि मजूर नाही म्हणजे नोंदही नाही. कित्येक जण रस्त्याकडेला किंवा झोपडीत मरून गेले.

मोठ्या साहेबांनाही ताप सोडत नव्हता. फ्रेंच कंपनीचे प्रमुख अभियंता ज्यूल दँग्लेर कुटुंबाला घेऊन पनामात आले. त्यांची मुलगी, मुलगा, होणारा जावई आणि शेवटी पत्नी असे सगळे तिथे मरण पावले.

फ्रेंचांनी रुग्णालये मात्र उत्तम बांधली होती. अँकोन टेकडीवरच्या रुग्णालयात प्रशस्त वॉर्ड होते, बाग होती. बागेतली झाडे मुंग्या खाऊन टाकत म्हणून प्रत्येक रोपाभोवती पाण्याचे गोल भांडे ठेवलेले असे. मुंग्या खाटेवर चढू नयेत म्हणून खाटांचे पायही पाण्याच्या वाट्यांत ठेवत. खिडक्यांना जाळ्या नव्हत्या. डासांची पैदास वॉर्डातच होई, ते शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाला चावत आणि दुसऱ्या आजारासाठी भरती झालेला माणूस पिवळ्या तापाने मरे. यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. आजार कसा पसरतो हेच त्या काळी माहीत नव्हते.

माहीत असूनही न करणे

मे १९०४ मध्ये अमेरिकेने हे अर्धवट काम हाती घेतले आणि जूनमध्ये गॉर्गस पनामात पोहोचले. आता अज्ञान ही सबब उरली नव्हती. फिनले, रॉस, रीड यांचे काम जगासमोर होते. हवानाचा अनुभव ताजा होता. त्याच वर्षी स्वतः रोनाल्ड रॉसही पनामा पाहून गेले. तरीही कालव्याचे काम चालवणाऱ्या आयोगातल्या वरिष्ठांना डासांची गोष्ट खुळचट वाटत होती. घरे रंगवा, कचरा उचला, घाण हटवा, म्हणजे ताप जाईल, असे त्यांचे मत होते. गॉर्गस जाळ्या, गंधक, रॉकेल आणि माणसे मागत. मागण्या वॉशिंग्टनला जात आणि कापल्या जात किंवा महिनोन् महिने पडून राहत. तिकडे देशातून मात्र लवकर माती उपसा, खोदकाम दिसू द्या, असा तगादा सुरू होता.

परिणाम व्हायचा तोच झाला. नवे, पिवळ्या तापाशी कधीच संबंध न आलेले कर्मचारी बोटीने येत राहिले आणि १९०५ च्या पूर्वार्धात साथ भडकली. कचेरीतले कारकून, नकाशे काढणारे, परिचारिका आजारी पडू लागल्या. घबराट पसरली. अमेरिकी कर्मचाऱ्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश मिळेल त्या बोटीने परत गेले. प्रमुख अभियंता जॉन वॉलेस यांनी पनामात येताना स्वतःसाठी आणि पत्नीसाठी शवपेट्या सोबत आणल्या होत्या, असे सांगतात. जून १९०५ मध्ये त्यांनीही राजीनामा दिला.

या अपयशाचे खापर गॉर्गस यांच्यावर फोडण्याचा प्रयत्न झाला. त्यांना बदलून दुसरा माणूस नेमावा, अशी शिफारस थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडे गेली. रूझवेल्ट यांनी आपले डॉक्टर मित्र अलेक्झांडर लॅम्बर्ट यांना विचारले. लॅम्बर्ट यांनी स्पष्ट सांगितले की जुन्या पद्धतीकडे गेलात तर फ्रेंचांसारखे अपयश पदरी येईल आणि गॉर्गस यांना पाठबळ दिलेत तरच कालवा होईल. रूझवेल्ट यांनी गॉर्गस यांना कायम ठेवले.

खोदकाम थांबवणारा अभियंता

जुलै १९०५ मध्ये नवे प्रमुख अभियंता जॉन स्टीव्हन्स आले. रेल्वे बांधण्यात आयुष्य घालवलेला हा माणूस होता. त्यांनी आल्या आल्या एक निर्णय घेतला, जो आज कोणत्याही बांधकाम व्यावसायिकाला वेड्यासारखा वाटेल. त्यांनी खोदकाम जवळपास थांबवले. आधी राहायला घरे, पिण्याला पाणी, सांडपाण्याची व्यवस्था, खानावळी आणि डासांचा बंदोबस्त, मग माती. गॉर्गस यांना लागेल तितका पैसा आणि लागतील तितकी माणसे मिळाली. एका वेळी चार हजारांपर्यंत माणसे त्यांच्या हाताखाली काम करत होती.

पनामा शहराचे विभाग पाडले गेले. प्रत्येक विभागाला निरीक्षक नेमला गेला. प्रत्येक घराच्या फटींवर कागद चिकटवून आत गंधकाची किंवा पायरेथ्रम या कीटकनाशक पावडरीची धुरी दिली जाई. धुरीसाठी सुमारे १२० टन पायरेथ्रम आणि ३०० टन गंधक लागले. पण खरा बदल नळाने केला. शहरात नळाचे पाणी आले, तशी घराघरांत पावसाचे पाणी साठवून ठेवणारी पिंपे आणि रांजण ठेवण्याची गरजच संपली. लोकांना पाणी साठवू नका असे सांगणे सोपे असते. त्यांच्या दारी रोज पाणी येईल अशी सोय करणे कठीण असते. गॉर्गस यांनी दोन्ही केले.

११ नोव्हेंबर १९०५ रोजी पनामा शहरातला पिवळ्या तापाचा शेवटचा बळी गेला. पुढच्या वर्षी तो कालव्याच्या संपूर्ण पट्ट्यातून नाहीसा झाला.

हिवतापाशी लांबची लढाई

पिवळा ताप भीतिदायक होता, पण मजुरांचे सर्वांत मोठे दुखणे हिवताप हेच होते. १९०६ साली कालव्यावर २६ हजारांहून अधिक कामगार होते. त्यांपैकी २१ हजारांहून अधिक जणांना कधी ना कधी हिवतापासाठी रुग्णालयात भरती व्हावे लागले. हिवतापाने माणूस लगेच मरतोच असे नाही. तो पुन्हा पुन्हा येतो, रक्त कमी करतो, अंगातली ताकद काढून घेतो. अशक्त माणूस मग फावडे चालवताना, रुळांवरून चालताना किंवा सुरुंगाजवळ काम करताना चुकतो.

पिवळ्या तापाचा डास घरात वाढतो. हिवतापाचा डास डबक्यांत, ओढ्यांच्या काठी, गवतात वाढतो. त्यात खोदकाम जसजसे पुढे सरके तसतशी नवी डबकी तयार होत. यंत्राच्या चाकोरीत, मातीच्या ढिगामागे, अर्धवट चरांत पाणी साचे. म्हणजे कालवा खणणारे हातच डासांना घरे बांधून देत होते. गॉर्गस आणि त्यांचे सहकारी, मुख्य निरीक्षक जोसेफ ल प्रिन्स, यांनी यावर साधा नियम केला. हा डास फार लांब उडत नाही. तेव्हा वस्तीभोवती १८० मीटर आणि एकट्या घराभोवती ९० मीटरच्या आत साचलेले पाणी राहता कामा नये. चर खणून पाणी काढून द्यायचे. ते जमत नसेल तिथे तेल टाकायचे, म्हणजे अळ्यांना श्वास घेता येत नाही. तेलही टिकत नसेल तिथे अळ्या मारणारे मिश्रण घालायचे. याच अंतरात गवत एक फुटापेक्षा जास्त वाढू द्यायचे नाही. घरांना तांब्याच्या जाळ्या बसवायच्या आणि तरीही आत शिरलेले डास दिवसा माणसे पाठवून टिपायचे.

जोडीला औषध होते. कामाच्या मार्गावर २१ दवाखाने होते आणि तिथे क्विनीन फुकट मिळे. खानावळीच्या टेबलांवरही क्विनीन ठेवलेले असे. कडू चवीमुळे आणि कानात आवाज येतात म्हणून मजूर ते टाळत, तरी रोज सुमारे निम्मे कामगार ते घेत असत. रुग्णालयातले उपचार कर्मचाऱ्यांसाठी मोफत होते. फ्रेंच काळातल्या रोजच्या एका डॉलरने काय केले होते हे गॉर्गस जाणून होते. आजारी मजुराला आजार लपवण्याचे किंवा मुकादमाला तो दडपण्याचे कारण उरू नये, हा त्यामागचा विचार होता.

हिवताप संपला नाही, पण आटोक्यात आला. कामगारांमधला हिवतापाचा मृत्युदर नोव्हेंबर १९०६ मध्ये हजारी ११.५९ होता, तो डिसेंबर १९०९ मध्ये हजारी १.२३ वर आला. १९१२ साली कामगार ५० हजारांच्या वर गेले होते, पण हिवतापासाठी भरती झालेले होते सुमारे ५,६००.

जाळीच्या बाहेर राहिलेले

या यशाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय ही गोष्ट पुरी होत नाही. कालव्यावर दोन हजेरीपट होते. सोन्याच्या नाण्यांत पगार घेणारे गोरे अमेरिकी आणि चांदीच्या नाण्यांत मजुरी घेणारे बाकीचे. चांदीच्या हजेरीपटावर बहुतेक कृष्णवर्णीय मजूर होते. एकट्या बार्बाडोस बेटावरून सुमारे २० हजार माणसे आली. सर्वांत जड आणि धोक्याचे काम त्यांचे, मजुरी साधारण तासाला १० सेंट. गोऱ्या कर्मचाऱ्यांना जाळ्या लावलेली घरे मिळाली. या मजुरांना दाटीवाटीच्या बराकी मिळाल्या किंवा बाहेर स्वतः उभारलेल्या झोपड्या.

फरक मृत्यूच्या आकड्यांत उतरला. १९०६ साली कृष्णवर्णीय मजुरांचा मृत्युदर गोऱ्यांच्या तिपटीहून अधिक होता. पिवळा ताप गेला होता, पण न्यूमोनिया या मजुरांना मारत होता. दिवसभर पावसात भिजायचे, ओले कपडे अंगावरच वाळवायचे, अपुरे जेवायचे आणि रात्री एकमेकांच्या श्वासाला श्वास लावून झोपायचे, असा त्यांचा दिनक्रम होता. मजूर बराकींतून बाहेर पडून बायकामुलांसह वेगवेगळ्या खोपट्यांत पांगले, तेव्हा न्यूमोनिया कमी झाला, असे गॉर्गस यांनी नोंदवले. दाटी हेच कारण, हा निष्कर्ष त्यांनी काढला. पण त्या खोपट्यांना जाळ्या नव्हत्या. हजेरीपटाची ही व्यवस्था गॉर्गस यांनी निर्माण केली नव्हती, पण त्यांचे खाते तिच्या चौकटीतच काम करत राहिले.

अपघातांपुढेही डॉक्टरचा इलाज फारसा चालत नव्हता. कालव्यासाठी सुमारे २ कोटी ७० लाख किलो डायनामाइट वापरले गेले. कुलेब्रा खिंडीत दरडी कोसळत, मातीच्या गाड्या सतत ये-जा करत, न उडालेले सुरुंग फावड्याखाली सापडत. १९०४ ते १९१४ या काळात आजार आणि अपघात मिळून नोंदलेले मृत्यू ५,६०९ आहेत. त्यांपैकी बहुसंख्य कॅरिबियन बेटांवरचे मजूर होते. फ्रेंच काळाच्या तुलनेत हा आकडा खूपच कमी, पण लहान नक्कीच नाही.

खर्चावरूनही शेवटपर्यंत कुरबुर चालली. १९०७ साली कामाची सूत्रे लष्करी अभियंता जॉर्ज गोथल्स यांच्याकडे आली. गवत कापण्यावर इतका पैसा कशाला, हा त्यांचा प्रश्न होता आणि ते काम त्यांनी गॉर्गस यांच्या खात्याकडून काढून घेतले. मृदू बोलणारे, सभ्य स्वभावाचे, लवकर केस पिकलेले गॉर्गस अशा वादात आवाज चढवत नसत, पण आपले म्हणणे सोडतही नसत.

मजुरी हेही औषध

१९१३ च्या अखेरीस दक्षिण आफ्रिकेतल्या सोन्याच्या खाणमालकांनी गॉर्गस यांना बोलावले. तिथले खाणकामगार न्यूमोनियाने मोठ्या संख्येने मरत होते. गॉर्गस यांनी पनामाचाच अनुभव तिथे सांगितला. मोठ्या दाट बराकी मोडा, माणशी जागा वाढवा, कामगारांना कुटुंबासह पांगून राहू द्या, पाणी आणि सांडपाण्याची सोय करा.

या सगळ्या अनुभवातून त्यांचे एक मत पक्के झाले होते आणि ते त्यांनी पुढे जाहीर भाषणांतूनही मांडले. रोगांचे सर्वांत मोठे मूळ गरिबी आहे. मजुरी वाढली की माणूस वेगळी खोली घेऊ शकतो, पोटभर खाऊ शकतो, आजारात घरी राहू शकतो. तेव्हा मजुरी वाढवणे हा आरोग्याचा सर्वांत परिणामकारक उपाय आहे. डासांमागे आयुष्य घालवलेल्या लष्करी डॉक्टरने हे सांगावे, याला महत्त्व आहे.

१५ ऑगस्ट १९१४ रोजी पनामा कालवा जहाजांसाठी खुला झाला. त्याच वर्षी गॉर्गस अमेरिकी लष्कराचे सर्जन जनरल झाले. पहिल्या महायुद्धात छावण्यांमधल्या गर्दीने गोवर आणि न्यूमोनिया पसरला, तेव्हाही ते माणशी जागा वाढवा, हेच सांगत राहिले. निवृत्तीनंतर पिवळ्या तापाच्या कामासाठी पश्चिम आफ्रिकेला जाताना लंडनमध्ये त्यांना पक्षाघाताचा झटका आला. राजे पंचम जॉर्ज यांनी रुग्णालयात जाऊन त्यांना सन्मान दिला. जुलै १९२० मध्ये त्यांचे निधन झाले. सेंट पॉल्स कॅथेड्रलमध्ये अंत्यविधी होऊन पुढे त्यांचा देह अमेरिकेत आर्लिंग्टनच्या दफनभूमीत ठेवला गेला.

आपल्या इमारतींच्या तळमजल्यावर

पिवळा ताप भारतात नाही. त्याची लसही आता आहे. पण त्याच एडिस डासाने पसरणारा डेंग्यू आपल्या शहरांत दर पावसाळ्यात येतो आणि अॅनोफिलीस स्टीफेन्सी हा डास मुंबईसारख्या शहरात हिवताप पसरवतो. या दोन्ही डासांना बांधकामाची जागा फार मानवते. क्युरिंगसाठी स्लॅबवर केलेले पाण्याचे वाफे, लिफ्टचा खड्डा, तळघरात साचलेले पाणी, सिमेंट कालवण्याची पिंपे, मजुरांच्या खोपट्याबाहेरचे उघडे ड्रम ही त्यांची ठिकाणे. त्यात मजूर दूरच्या, कधी हिवताप असलेल्या जिल्ह्यांतून आलेले असतात आणि बांधकामावरच पत्र्याच्या खोलीत दाटीने राहतात. पनामात होते ते सगळे इथे छोट्या प्रमाणात हजर असते.

अंड्यापासून डास तयार व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस प्रत्येक साठवण रिकामी करून घासून कोरडी केली तर साखळी तुटते. क्युरिंगच्या पाण्यातही हे करता येते. लिफ्टच्या खड्ड्यातले पाणी उपसून टाकायचे, उपसता येत नसेल तिथे अळीनाशक टाकायचे. टाक्यांना घट्ट झाकण, राहत्या खोल्यांना जाळी, झोपायला मच्छरदाणी. ताप आलेल्या मजुराची त्याच दिवशी रक्ततपासणी आणि हिवताप निघाल्यास औषधांचा पूर्ण कोर्स. बरे वाटले म्हणून दोन दिवसांत गोळ्या सोडल्या तर ताप परत येतो आणि शेजाऱ्यालाही देऊन जातो.

यातले कोणतेही काम एकटा मजूर करू शकत नाही. खड्डा त्याचा नाही, टाकी त्याची नाही, खोलीही त्याची नाही. १९९६ च्या इमारत व इतर बांधकाम कामगार कायद्याने पिण्याचे पाणी, स्वच्छतागृह, तात्पुरता निवारा आणि प्रथमोपचार ही मालकाची जबाबदारी ठरवली. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कामाची स्थिती संहितेत या तरतुदी सामावल्या गेल्या. कागदावर हे सारे आहे. प्रत्यक्षात तापाने फणफणलेल्या बिगाऱ्याचा रोज बुडतो, म्हणून तो दोन दिवस अंगावर काढतो आणि तिसऱ्या दिवशी परांचीवर चढतो. त्या दोन दिवसांत त्याला रोज मिळाला असता, तर त्याने पहिल्याच दिवशी रक्त तपासून घेतले असते. फ्रेंच कंत्राटदारांनी वाचवलेल्या त्या एका डॉलरचा हिशेब गॉर्गस यांनी मांडला होता. आपल्या ठेकेदारांनी आणि बिल्डरांनीही तो एकदा मांडून पाहावा.